स्कोलीन रेंगाळलं की व्हेक्युरोनियम उरलं?

आमच्या जळगावकडे ऑपरेशन लांबलं की थिएटरबाहेर नातेवाईक विचारतात, “भूल उतरनी नही का आजून?” कधीकधी भूल उतरलेली असते, पण स्नायू सैल करणारं औषध उतरलेलं नसतं. पेशंटला ऐकू येतं, पण पापणी उचलवत नाही, श्वास घेववत नाही. हे स्नायू सैल करणाऱ्या दोन औषधांनी होतं: स्कोलीन (सक्सिनिलकोलीन) आणि व्हेक्युरोनियम. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र उलटे.

स्कोलीन मिनिटभरात काम करतं आणि ५ ते १० मिनिटांत संपतं, कारण रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. काहींच्या घराण्यातच हे एन्झाइम सदोष असतं. आपल्या कापूसपट्ट्यात दुसरं कारणही लक्षात ठेवावं लागतं: ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हेच एन्झाइम निकामी करतात. चोपड्याकडचा एक शेतकरी अपेंडिक्ससाठी आला होता. स्कोलीन दिल्यावर अर्धा तास उलटला तरी छाती हलेना. बायकोला विचारलं तेव्हा कळलं, तीन आठवड्यांपूर्वी कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन तो सलाईनवर होता. एन्झाइम भरून यायला आठवडे लागतात.

व्हेक्युरोनियमचा असर अर्ध्या-पाऊण तासाचा. वय झालेलं, लिव्हर किंवा किडनी कमजोर, अंग गार पडलेलं, की ते मागे उरतं. पेशंट धडपडतो, मान उचलतो, पण पाच सेकंद धरून ठेवू शकत नाही. गिळताही नीट येत नाही, म्हणून उलटी फुप्फुसात जायची भीती.

औषध किती उरलंय हे बघायला नसेला विजेचे चार हलके झटके दिले तर व्हेक्युरोनियममध्ये प्रतिसाद एकापेक्षा एक लहान होत जातो. स्कोलीनमध्ये आधी चारही सारखेच मंद असतात, पण फार वेळ गेला की तिथेही तोच उतार दिसतो आणि फसायला होतं.

फसणं इथे महागात पडतं. व्हेक्युरोनियम उरलं असेल तर त्याचा असर उतरवणारं निओस्टिग्मीन देतात (त्याचे दुष्परिणाम आवरणाऱ्या ग्लायकोपायरोलेटसोबत), किंवा व्हेक्युरोनियमलाच पकडून निकामी करणारं सुगामाडेक्स. तेच निओस्टिग्मीन स्कोलीनच्या पेशंटला दिलं तर ते उरलंसुरलं कोलिनेस्टरेजही अडवतं आणि लकवा आणखी लांबू शकतो. सुगामाडेक्सचा तर स्कोलीनवर काहीच परिणाम नाही. तिथे व्हेंटिलेटर चालू ठेवायचा, झोपेचं औषध द्यायचं आणि थांबायचं.

त्या शेतकऱ्यासाठी आम्ही थांबलो. साडेतीन तासांनी त्याने अंगठा हलवला. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, झोपेचं औषध चालू होण्याआधीचं आमचं सगळं बोलणं त्याला ऐकू आलं होतं.