फ्रेंच उद्धट नसतात, आपण बोंजूर विसरतो

युरोप फिरून आलेल्या माणसाकडून मी गेली कित्येक वर्षं एकच वाक्य ऐकतेय: "इंग्रज किती सभ्य, आणि फ्रेंच किती उद्धट!" पाठोपाठ पुरावा येतो, पॅरिसमधल्या एखाद्या वेटरचा, नाहीतर तिकीट खिडकीवरच्या बाईचा. मी चार वर्षं फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहिले, नंतर लंडनमध्ये नोकरी केली, आणि हे वाक्य मला आता सहन होत नाही. सभ्यता दोघांकडेही भरपूर आहे. फक्त दोघांची ती ठेवायची जागा वेगळी आहे, आणि आपण फ्रान्समध्ये जाऊन ती इंग्रजांच्या जागी शोधतो.

इंग्रजांची जागा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. प्लीज, थँक्यू, सॉरी. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, तुमचा पाय त्यांच्या पायावर पडला तरी सॉरी तेच म्हणतात. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट: दुसऱ्याला तसदी द्यायची नाही, आणि द्यावीच लागली तर आधी माफी मागायची. त्यामुळे अनोळखी माणसाला त्याच्या त्याच्या विचारात राहू देणं हाच तिथला शिष्टाचार. २०१६ साली कुणीतरी ट्यूबमध्ये 'गप्पा मारायच्या का?' अशा अर्थाचे बिल्ले वाटले, तर लंडनकर अक्षरशः धास्तावले. इंग्रजांबद्दल एवढं पुरे.

फ्रान्समध्ये तसदीचा प्रश्न नंतर येतो. आधी समोरचा माणूस. दुकानात शिरलात, बसमध्ये चढलात, डॉक्टरांकडच्या बाकावर बसायला गेलात, तर पहिला शब्द बोंजूर. संध्याकाळ असेल तर बोंस्वार. तोही समोरच्याकडे बघून. फ्रेंचच्या पहिल्या धड्यात 'बोंजूर म्हणजे गुड मॉर्निंग' असं शिकवतात आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. गुड मॉर्निंग म्हटलं तर बरं, नाही म्हटलं तरी कुणाचं अडत नाही. बोंजूर म्हणजे उंबऱ्यावर थांबून 'येऊ का?' विचारणं आहे. ते न विचारता तुम्ही आत घुसलात, की पुढे कितीही गोड बोला, तुम्ही घुसलेलेच.

खरं तर हे मराठी माणसाला कळायला अजिबात अवघड नाही. गावात पारावर बसलेल्या आजोबांना गाडीची काच खाली करून थेट 'ओ, वाठारचा रस्ता कुठला?' विचारून बघा. रस्ता सांगतील, पण कसा सांगतील ते तुम्हाला माहीत आहे. तेच खाली उतरून 'राम राम' घातलात तर रस्ता कळेल, पुढचा पूल खचलाय हेही कळेल, वर चहाचा आग्रह होईल. बोंजूर हा तो राम राम आहे. मग तो फ्रान्सला जाताना आपण घरी का ठेवून जातो?

कारण आपण मनात इंग्रजीतून भाषांतर करतो. इंग्रजी एक्स्क्यूज मी एकाच दमात दोन कामं करतं: हाकही मारतं आणि तसदीबद्दल माफीही मागतं. आपल्याला वाटतं, फ्रेंचमध्येही एक्स्क्यूज मी म्हटलं, शेवटी प्लीज लावलं, झालं. पण त्यात माणसाची दखल कुठेच घेतलेली नसते. एक्स्क्यूज मी तुमच्या कामाबद्दल बोलतं. काउंटरमागची बाई अजून वाट बघत असते, की तुम्ही आधी तिला बघाल.

माझी आत्या ल्योंला आली होती तेव्हाची गोष्ट. घराखालच्या बेकरीत ती हसतमुखाने शिरली आणि म्हणाली, "एक्स्क्यूज मी, टू क्रोसाँ प्लीज." आमची आत्या म्हणजे नम्रतेचा पुतळा. बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला, सरळ आत्याकडे बघितलं आणि सावकाश, ठासून म्हणाल्या, "बोंजूर." आत्याला वाटलं, बाईंना इंग्रजी कळलं नाही. तिने तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. बाईही पुन्हा "बोंजूर." मी मागून धावत येऊन बोंजूर म्हटलं, तेव्हा कुठे चिमटा परत उचलला गेला. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "केवढा गं माज!" आणि मला खात्री आहे, आत त्या बाईही हेच म्हणत असणार.

२०१३ साली फ्रान्समधल्या नीस शहरातल्या एका कॅफेच्या पाटीची बातमी झाली होती. नुसतं 'एक कॉफी' म्हणाल तर ७ युरो, 'एक कॉफी प्लीज' म्हणाल तर ४.२५, आणि 'बोंजूर, एक कॉफी प्लीज' म्हणाल तर १.४०. पाटी गमतीची होती, सदाशिव पेठेत शोभली असती. पण आकडे नीट बघा. फ्रेंच माणसालाही प्लीज हवंच असतं, तरी नुसत्या प्लीजने काम निम्मंच होतं.

यातली आणखी एक बारीक गोष्ट. बोंजूर एका माणसाला दिवसातून एकदाच. ऑफिसात सकाळी म्हटलंत आणि दुपारी त्याच माणसाला पुन्हा म्हटलंत, तर त्याला वाटतं की सकाळची भेट तुम्ही विसरलात. दुसऱ्यांदा भेटलं की 'रबोंजूर', म्हणजे 'पुन्हा बोंजूर', म्हणतात. नुसतं तोंडदेखलं असतं, तर कुणी एवढा हिशेब ठेवला असता का?

'त्यांना इंग्रजी येतं, पण माजापायी बोलत नाहीत' ही दुसरी तक्रार. आधी बोंजूर म्हणा, मग इंग्रजी चालेल का ते विचारा. बहुतेक वेळा चालतं. आपल्याकडेही कुणी येऊन थेट परक्या भाषेत काम सांगू लागलं तर आपल्या कपाळावर आठी येतेच.

बाकीचे फरक किरकोळ. फ्रेंचमधल्या 'तू' (एकेरी) आणि 'व्हू' (आदरार्थी) यांचं ओझं मराठी माणसाने घेऊच नये, आपल्याला तू आणि तुम्ही जन्मापासून येतं. फ्रान्समध्ये वेटर आपणहून बिल आणत नाही, कारण न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. इंग्लंडच्या पबमध्ये वेटरची वाट बघत बसू नका, काउंटरवर जाऊन मागा. आणि स्कॉटिश माणसाला इंग्रज म्हणू नका, कृपा करून. स्कॉटलंडने १२९५ मध्ये फ्रान्सशी हातमिळवणी केली होती, तीही इंग्लंडच्या विरोधात.

इंग्रज-फ्रेंचांची आपसातली चिडवाचिडवीही याच गैरसमजावर पोसली आहे. कुणाचा निरोप न घेता सटकण्याला इंग्रजीत 'फ्रेंच लीव्ह' म्हणतात. फ्रेंच त्यालाच 'इंग्रजी पद्धतीने सटकणं' म्हणतात. लंडन-पॅरिस रेल्वे १९९४ मध्ये सुरू झाली आणि २००७ पर्यंत फ्रेंच प्रवाशांना लंडनमध्ये उतरावं लागे ते वॉटर्लू स्टेशनवर, म्हणजे १८१५ मध्ये नेपोलियन जिथे हरला त्या रणांगणाच्या नावाच्या स्टेशनवर. दुसरीकडे, ब्रिटिश पासपोर्टवरच्या राजचिन्हातली वाक्यं आजही फ्रेंचमध्ये आहेत. पुण्यालाही या भांडणाची झळ लागली होती: १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फरासीस, म्हणजे फ्रेंच माणूस, नाना फडणवीसांच्या भेटीला आला, तेव्हा पुण्यातल्या इंग्रजांच्या राजदूताची झोप उडाली.

ही थट्टा मला मनापासून आवडते. दोघं शेजारी हजारेक वर्षं एकमेकांना ओळखून आहेत, त्यांनी ती खुशाल करावी. पण चार दिवसांची सहल करून आपण तिच्यातला निम्मा भाग खरा मानून घरी आणतो, ते मला खुपतं.

आत्या ल्योंमध्ये अजून आठवडाभर होती. रविवारी सोन नदीकाठच्या बाजारात मी मुद्दाम मागे राहिले. तिने खरबूजवाल्यासमोर उभं राहून, पदर सारखा करून म्हटलं, "बोंजूर मस्य." तो म्हणाला, "बोंजूर मादाम," आणि मग काहीतरी विचारलं. आत्याने माझ्याकडे बघितलं. तो विचारत होता, दुपारी खायचं आहे की रात्री? त्याने सहा-सात खरबुजं उचलून देठाशी अंगठा दाबून बघितला, दोन हुंगली, आणि त्यातलं एक आत्याच्या हातात ठेवलं. आत्या म्हणाली, "अगं, हा तर आपल्या आंबेवाल्यासारखा विचारतो, आज कापायचा की परवा?"