परतलेल्या फिलिपिनो कामगारांचं मायदेशी बस्तान बसवणं

परदेशात कामाला गेलेले फिलिपिनो लोक, म्हणजे तिकडे ज्यांना सरसकट ओएफडब्ल्यू (ओव्हरसीज फिलिपिनो वर्कर) म्हणतात ते, घरी परत आले की त्यांना धंदा, नोकरी, कर्ज, ट्रेनिंग आणि घरातली विस्कटलेली घडी परत बसवायला जी काही मदत होते तिला फिलिपिन्समधे रीइंटिग्रेशन म्हणतात. मराठीत याला पुनर्वसन म्हणावं तर धरणग्रस्त आठवतात आणि घरवापसी म्हणावं तर भलतंच राजकारण डोक्यात येतं, म्हणून इथे आपलं साधं बस्तान बसवणं.

सरकारी आकड्यानुसार २०२३ मधे असे साधारण २१ लाख ६० हजार लोक बाहेर होते, त्यात निम्म्याहून जास्त बायका, आणि सगळ्यात जास्त सौदीत, मग दुबई-अबुधाबीकडे. बँकांमार्फत ते जो पैसा घरी पाठवतात तो २०२४ मधे ३४ अब्ज डॉलरच्या वर गेला, म्हणजे देशाच्या जीडीपीच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास. आता एवढा पैसा येत असेल तर माणसं पाठवायची यंत्रणा कशी तेल घातल्यासारखी चालत असणार ते सांगायला नको, परत येणाऱ्यांची यंत्रणा मात्र बरीच नंतर सुचली आणि अजूनही ती धाकट्या जावेसारखीच वागवली जाते.

'बालिक' म्हणजे परत

तागालोग भाषेत बालिक म्हणजे परतणं. बालिकबायान म्हणजे मायदेशी परत आलेला, आणि बालिकबायान बॉक्स म्हणजे तो भलामोठा पुठ्ठ्याचा खोका ज्यात साबण, चॉकलेटं, कॉर्न्ड बीफचे डबे, टॉवेल, बूट असं सगळं कोंबून घरी पाठवलं जातं. पण गंमत बघा, सरकारी कागदावर 'बालिक-मांगगागावा' (शब्दशः परतणारा कामगार) असं लिहिलं असेल तर तो घरी परतलेला माणूस नसतो, तो सुट्टीवर घरी येऊन त्याच मालकाकडे परदेशात परत निघालेला माणूस असतो! त्याला विमानात बसायच्या आधी एक्झिट सर्टिफिकेट काढावं लागतं म्हणून त्याच्यासाठी वेगळी खिडकी, वेगळी ऑनलाइन सिस्टिम, सगळं आहे. म्हणजे ऑफिसच्या भाषेत परतणं म्हणजे परत जाणं. माझ्या मते हा सगळा विषय कळायला हा एक शब्द पुरेसा आहे.

कायदे कसे आले

सुरुवात १९७४ ची. तेलाचे भाव भडकलेले, आखातात बांधकामं जोरात, फिलिपिन्समधे बेकारी, आणि फर्डिनांड मार्कोसच्या राजवटीत त्या वर्षी लेबर कोड आला ज्यात माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. तेव्हाचे कामगारमंत्री ब्लास ओपले. कल्पना अशी होती की हे तात्पुरतं आहे, चार-पाच वर्षं लोक कमावतील, देश उभा राहील, मग कशाला कोण जाईल. १९७७ ला कामगारांसाठी वेल्फेअर फंड निघाला ज्याची पुढे ओव्हावा ही संस्था झाली, १९८२ ला भरतीवर देखरेख करणारी पोइया आली, आणि तात्पुरतं काही संपलं नाही, उलट १९८८ मधे राष्ट्राध्यक्ष कोराझॉन अकिनो यांनी हाँगकाँगमधे घरकाम करणाऱ्या बायकांना 'नवे वीर' म्हटलं आणि तो शब्द असा चिकटला की आजही कुठल्याही भाषणात येतो.

१७ मार्च १९९५ ला सिंगापूरमधे फ्लोर कोन्तेम्प्लासियोन या फिलिपिनो घरकामगार बाईला खुनाच्या आरोपावरून फाशी दिली गेली, आणि फिलिपिन्समधे लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी प्रजासत्ताक कायदा ८०४२ पास झाला. त्यात पहिल्यांदा परत येणाऱ्यांसाठी केंद्र असावं असं लिहिलं गेलं, आणि सरकार परदेशी नोकरीला आर्थिक वाढीचं साधन म्हणून प्रोत्साहन देत नाही असंही एक वाक्य आहे, ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. प्रत्यक्षात नॅशनल रीइंटिग्रेशन सेंटर उघडलं २००७ ला, म्हणजे लोक पाठवायला लागून तेहतीस वर्षांनी. २०१० च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला, आणि ३० डिसेंबर २०२१ ला सही झालेल्या कायद्याने स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खातं निघालं ज्यात हे सेंटर आलं. त्या खात्याच्या २०२२ मधे मंत्री झालेल्या सुसान ओपले म्हणजे त्याच ब्लास ओपलेंची मुलगी, बापाने दार उघडलं आणि मुलगी परत येणाऱ्यांना घ्यायला दारात उभी असा योग, पण ऑगस्ट २०२३ मधे त्यांचं निधन झालं.

पैसा आणि धंदा

कामगाराची ओव्हावाची मेंबरशिप २५ डॉलरची, कॉन्ट्रॅक्टपुरती, जास्तीत जास्त दोन वर्षं. ती चालू असेल तर बरीच दारं उघडतात, संपलेली असेल तर मदत कमी होते, आणि जो मालकाकडून पळून आलाय किंवा व्हिसा संपल्यावर तसाच राहिला त्याची नेमकी संपलेलीच असते. अडचणीत येऊन परतलेल्यांसाठी 'बालिक पिनास, बालिक हानापबुहाय' नावाची स्कीम आहे, जास्तीत जास्त २० हजार पेसो, म्हणजे आपले साधारण तीस हजार रुपये, फेडायचे नाहीत. त्यात शिलाई मशीन येतं किंवा खाद्यपदार्थांच्या गाडीचं सामान येतं, यापलीकडे फार नाही. मोठं कर्ज हवं तर लँड बँक आणि डेव्हलपमेंट बँकेमार्फत, २०११ ला २ अब्ज पेसोंचा फंड काढून सुरू झालेलं, एका माणसाला २० लाख पेसोंपर्यंत, व्याज साडेसात टक्के. ऐकायला झकास आहे पण आधी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मग बिझनेस प्लॅन, प्रोजेक्टच्या २० टक्के स्वतःचे, शिवाय तारण, आणि दहा वर्षं दुसऱ्याच्या घरी भांडी घासून आलेल्या बाईच्या नावावर तारण ठेवायला काय असणार. मग ती जाते फाइव्ह-सिक्सवाल्याकडे. पाच घ्यायचे सहा द्यायचे, म्हणजे सरळ २० टक्के, रोज मोटारसायकलवरून वसुलीला येतो. आणि या सावकारांना तिकडे म्हणतात 'बुम्बाय'! बॉम्बेवरून आलेला शब्द आहे. असतात ते बहुतेक पंजाबी, मुंबईचा आणि त्यांचा संबंध काही नाही, पण बदनामी आपल्या वाट्याला.

धंदेही ठरलेले. घराच्या पुढच्या खोलीला जाळी लावून सारी-सारी स्टोअर, म्हणजे आपलं गल्लीतलं किराणा दुकान जिथे शांपूची एक पुडी, सुटी सिगारेट, पाव कप तेल मिळतं. नाहीतर ट्रायसिकल (मोटारसायकलला साइडकार लावलेली रिक्षा), नाहीतर जीपनी (जीपसारखी शेअर गाडी), जिच्यावर रंगात मोठ्या अक्षरात 'कातास नांग सौदी' लिहितात, कातास म्हणजे रस, सौदीत जो घाम गाळला त्याचा हा रस. एका गल्लीत चार सारी-सारी झाली की चौघींचीही उधारीची वही भरते आणि गल्ला रिकामा राहतो, कारण शेजारणीला नाही म्हणता येत नाही, त्यातून तू तर फॉरेनवरून आलेली. डुक्करपालन हा तिसरा आवडता धंदा, त्यावर २०१९ पासून आफ्रिकन स्वाइन फीवरने पाणी फिरवलं.

एक योजना मात्र खरंच विचार करून काढलेली वाटते. फिलिपिन्समधे टीचर झालेल्या, लायसन असलेल्या कितीतरी बायका जास्त पगारासाठी हाँगकाँग-आखातात मोलकरणीचं काम करतात. त्यांना परत आल्यावर सरकारी शाळेत घ्यायचं अशी ती योजना, नाव 'सा पिनास, इकाव आंग मॅम/सर', म्हणजे फिलिपिन्समधे मॅडम आणि सर तुम्हीच. ज्या बाईने दहा वर्षं 'यस मॅम, यस सर' म्हणत काढली तिच्यासाठी हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला दाद द्यायला हवी.

घरातली घडी

पैशाचं तरी फॉर्म भरून काही होतं, घराचं काय? आई गेली तेव्हा पोर दोन वर्षांचं, आता बाराचं, ते आजीला (लोला म्हणतात) आई म्हणतं आणि ही जी व्हिडिओ कॉलवर दिसायची ती बाई आता स्वयंपाकघरात उभी राहून मीठ कुठे ठेवलंय विचारते. नवऱ्याला दर महिन्याच्या पैशाची सवय, भावंडांना फीची सवय, आणि हिला नाही म्हणायची सवय नाही. त्यात फिलिपिन्समधे मुस्लिम सोडून बाकीच्यांना घटस्फोटाचा कायदाच नाही, त्यामुळे कुणी दुसरं घर केलेलं असलं तरी कागदावर लग्न तसंच. ओव्हावा गावोगाव ओएफडब्ल्यू फॅमिली सर्कल नावाचे गट बांधते, तिथे घरच्यांना पैशाचा हिशोब शिकवतात, आणि तो खरा शिकवायचा माणूस जायच्या आधीच, कारण परत आल्यावर हिशोब करायला पैसा उरलेला नसतो.

हे काम स्वयंसेवी संस्थांनी आधी ओळखलं. लागुना प्रांतातल्या सान पाब्लोची अतिखा ही संस्था शाळांमधून परदेशी गेलेल्यांच्या मुलांबरोबर काम करते आणि कामगारांना सहकारी संस्थांमधे पैसे गुंतवायला लावते (सहकार म्हटल्यावर मराठी माणूस कान टवकारणारच). बातांगासमधल्या माबिनी गावी लोक इतके इटलीला गेलेत की एका वस्तीला लिटल इटली म्हणतात, बंगले इटालियन थाटाचे आणि बऱ्याच घरांना कुलूप. घर हाच बहुतेकांचा पहिला खर्च, कोकणात आखाताच्या पैशावर उठलेली आणि वर्षात महिनाभर उघडणारी घरं पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. १९९६ ची उनलाद काबायान ही संस्था हाँगकाँगमधल्या बायकांचे बचतगट करून तो पैसा गावाकडच्या धंद्यात लावते, मिंदानाओ बेटावरच्या दावाव ओरिएंताल प्रांतात तर नारळाच्या सोडणापासून काथ्या काढायचं काम उभं केलं. त्याच वर्षी सुरू झालेली डॉन ही संस्था जपानहून परतलेल्या बायकांची. जपान २००४ मधे ८० हजारांहून जास्त फिलिपिनोंना एंटरटेनर म्हणून व्हिसा देत होता, २००५ ला नियम कडक झाले आणि ते दार जवळजवळ बंद झालं, बायका परत आल्या, बऱ्याचजणींबरोबर जपानी बापाची मुलं ज्यांना बापाने नाव दिलेलं नाही. डॉनमधे विणकाम-शिलाई शिकवतात आणि त्या मुलांच्या बापाचा शोधही घेतात.

एकदम सगळे परत आले की

१९९० ला कुवेत, २००६ ला लेबनॉन, २०११ ला लिबिया, दरवेळी विमानं भरून लोक आणायचे, एअरपोर्टवर नाव लिहून घ्यायचं, गावाला जायचं भाडं द्यायचं, की झालं. पण २०२० च्या कोविडमधे हे भाडं देऊन भागेना. मे महिन्यात मनिलाच्या हॉटेलांमधे आणि जहाजांवर क्वारंटाइनमधे असलेले २४ हजार लोक टेस्टच्या रिझल्टची वाट बघत अडकले होते, शेवटी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी आठवड्याभरात यांना घरी पोचवा असा हुकूम काढला. एकरकमी १० हजार पेसो दिले गेले. काही गावांनी आपल्याच नव्या वीरांना वेशीवर अडवलं, विषाणू आणताय म्हणून.

खलाशांचं वेगळं

बोटीवरच्यांचं कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं, म्हणजे ते दरवर्षीच परत येतात आणि दरवर्षीच बेकार होतात. बेसिक पगाराचा ८० टक्के भाग घरी पाठवणं नियमानेच बंधनकारक. सप्टेंबर २०२४ मधे त्यांच्यासाठी वेगळा मॅग्ना कार्टा (हक्कांची सनद) कायदा झाला. गोव्याच्या तारवट्यांच्या घरी यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मनिलाच्या रिझल पार्कला लागून कालाव नावाचा रस्ता आहे, तिथे फुटपाथवर एजन्सीवाले कुठल्या बोटीला कोण पाहिजे ते बोर्डावर लिहून उभे असतात आणि समोर खलाशी, काखेत प्लास्टिकच्या फोल्डरमधे सर्टिफिकेटं. मेडिकलमधे बीपी किंवा शुगर निघाली की तो माणूस त्या दिवशी कायमचा परतलेला.