सेंट्रिंगचं गणित होतं, कंबरेचं राहून जातं

ओलं काँक्रीट घनमीटरला साधारण 2400 किलो भरतं. तीन मीटर उंच भिंतीत माल भराभर ओतला, तर साच्याच्या तळाशी दर चौरस मीटरला सात टनांच्या आसपास रेटा येऊ शकतो. म्हणून सेंट्रिंगची, म्हणजे या साच्याची, प्लेट किती मजबूत हवी, टेकू किती अंतरावर हवेत, हे हिशोबाने ठरतं. तीच प्लेट उचलून जागेवर लावणाऱ्याच्या कंबरेवर किती भार येतो, हे मात्र सहसा कुणी मांडून बघत नाही. गंमत म्हणजे गणित तेच आहे: भार गुणिले अंतर.

समजा 20 किलोची प्लेट आहे आणि वाकून उचलताना तिचा मध्य कंबरेच्या मणक्यापासून अर्धा मीटर पुढे आहे. हा तोल सावरतात पाठीचे स्नायू, आणि ते मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटर मागे असतात. 50 सेंटिमीटरवरचं ओझं 5 सेंटिमीटरवरून तोलायचं, म्हणजे ताकद दसपट. 20 किलोसाठी स्नायू 200 किलोने ओढतात आणि ती सगळी ओढ मणक्यांमधल्या गादीला दाबते. वाकलेलं धड हेही एक ओझंच. ते धरलं की गादीवरचा दाब सहज 400 किलोच्या घरात जातो. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्याची संस्था यासाठी 3400 न्यूटन, म्हणजे साधारण 350 किलो, ही मर्यादा धरते.

याच संस्थेचं 1991 मध्ये सुधारलेलं एक सूत्र आहे. सगळं मनासारखं जुळून आलं तर 23 किलो उचलायला हरकत नाही, आणि मग जे जे बिघडलं त्याची कपात. ओझं 50 सेंटिमीटर पुढे असेल, तर 23 चे निम्मे. जमिनीवरून उचलायचं, तर उरलेल्यातला जवळजवळ पाव भाग गेला. उचलता उचलता 45 अंशांत वळलात, अजून 14 टक्के गेले. धरायला कडी किंवा खाच नाही, आणखी 10 टक्के. शेवटी सात किलोही उरत नाहीत. दिवसात किती वेळा उचलायचं, ही कपात तर अजून धरलेलीच नाही.

‘गुडघे वाकवून उचला’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. खोक्यासाठी तो बरा आहे, कारण खोकं दोन गुडघ्यांच्या मधे मावतं. चार फूट रुंद प्लाय मावत नाही. खाली बसलं की गुडघेच आड येतात आणि प्लाय उलट आणखी पुढे सरकतो. त्यात वारा असला तर बघायलाच नको. आठ बाय चारचा प्लाय म्हणजे तीन चौरस मीटरचं शीडच. ताशी 36 किलोमीटरचा वारा त्याला 20 किलोच्या आसपास जोराने ढकलतो, आणि तोही सरळ नाही, झटके देत.

स्लॅबची सेंट्रिंग खोलताना दुखणं खांद्याकडे जातं. माणूस मान मागे टाकून, पहार डोक्यावर धरून प्लेट उचकटत असतो. हात वर ताणून धरले की खांद्याच्या स्नायूंच्या आतला दाब वाढतो आणि त्यांना रक्त कमी पोचतं. नुसतं धरून ठेवण्यानेही हात भरून येतात ते यामुळे. वरच्या बाजूला स्नायूबंध हाडाखाली चिमटतो, ते वेगळंच. तेल नीट मारलेलं नसेल तर प्लेट काँक्रीटला चिकटून बसते, आणि सुटते तेव्हा एकदम सुटते. बेसावध पाठीवर असा धक्का आला की स्नायू घाईघाईने गरजेपेक्षा जास्त आवळतात. उसण भरते ती अशाच वेळी.

तरी बहुतेक कंबरा एका झटक्यात जात नाहीत. निरोगी गादीच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. त्यामुळे झीज कळत नाही आणि भरूनही फार सावकाश येते. मग एके दिवशी माणूस खाली पडलेला खिळा उचलायला वाकतो, तसाच अडकतो, आणि दोष खिळ्याला जातो.

ॲल्युमिनियमची सेंट्रिंग आल्यावर क्रेनची गरज कमी झाली, कारण प्लेट एकट्याला उचलता येते. हेच मला खटकतं. एकट्याला येते म्हणून ती एकट्यानेच, हातोहात वरच्या मजल्यावर द्यायची. 20 किलोच्या 150 प्लेटा म्हणजे तीन टन, तेही हात वर करून.

कंबरपट्ट्याने निरोगी पाठ वाचते याला पुरावा नाही, असं नायॉशने 1994 मध्येच सांगितलं होतं. त्यापेक्षा प्लेटा जमिनीवर न थापता 75 सेंटिमीटर उंच घोडीवर, उभ्या, कडी आपल्याकडे करून ठेवल्या आणि न वळता अंगाजवळ, 30 सेंटिमीटरवर घेतल्या, तर त्याच सूत्राने सात किलोचे 19 होतात. 20 किलोची प्लेट तरीही किंचित जडच.