धाब्यावर बसवलेलं भय

भयकथाकार नारायण धारपांची कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती धाब्यावर. धाबं म्हणजे खानदेशातल्या मातीच्या घराचं सपाट छत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो, भिंती मध्यरात्रीपर्यंत दिवसाचं ऊन ओकत राहतात आणि अख्खी गल्ली गोधड्या घेऊन वर चढते. डावीकडे कुणाचं तरी घोरणं, उजवीकडे कापसाच्या भावावरून चाललेला वाद, डोक्यावर उघडं आभाळ. अशा जागी बॅटरीच्या उजेडात बंद वाड्यातली गोष्ट वाचायची. पुस्तकात जिना करकरायचा. आम्ही वर यायचो ते बाहेरून टेकवलेल्या शिडीने. पुस्तकात माळ्यावर काहीतरी सरपटायचं; आमच्या घराला माळाच नव्हता. मी घाबरायचो, चांगलाच घाबरायचो, पण ती भीती परगावाहून आलेल्या पाहुण्यासारखी वाटायची. चार दिवस राहायची आणि जायची.

मराठी भयकथेचा पत्ता ठरलेला आहे. कोकणातलं घर, पुण्यातला वाडा, फार तर मुंबईतली चाळ. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली तीही सावंतवाडीकडच्या घरातली. 'तुंबाड' हा चित्रपट तर नावातच कोकण घेऊन आला. तापीकाठी कुणी भूत बसवत नाही. 'तिकडे लिहिणारे-वाचणारे कमी' असं उत्तर यावर सहज दिलं जातं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला बरंच मागे, पार पैठणपर्यंत जावं लागेल.

भारतीय कथांची एक फार जुनी पोतडी म्हणजे 'बृहत्कथा', आणि तिच्या जन्माची दंतकथा हीच मुळात भयकथा आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी असलेला गुणाढ्य पैज हरला. पैजेप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा त्याने सोडल्या, मुका होऊन विंध्याच्या अरण्यात गेला आणि तिथे पिशाचांची भाषा शिकला. पिशाचाच्याच तोंडून ऐकलेल्या कथा त्याने शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिल्या. सात लाख श्लोक. राजाने ते बाड नाकारलं. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. सहा लाख जळाले, एक लाख उरले. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही हकिकत अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितली आहे, आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्याच ग्रंथात आहेत. आता पैठणहून विंध्याकडे निघालेला माणूस अजिंठ्याचा डोंगर उतरून, तापी ओलांडून, सातपुड्यातूनच जाणार की नाही? भूतभाषेचा पहिला लेखक आमच्या बांधावरून गेला असं मी आपलं धरून चालतो. इतिहास म्हणून कुणाला सांगायला जात नाही.

पुढचा टप्पा छापखान्याचा. १८१८च्या जानेवारीत लंडनमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी आली आणि त्याच साली पेशवाई बुडून खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण विलायती भूत आपल्याकडे ज्या रस्त्याने यायचं होतं तो रस्ता असा मोकळा झाला. सुरुवातीला मात्र मराठीत छापली गेली ती आपलीच जुनी भुतं: सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी वेताळपंचविशी मराठीत आणली. मग कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथांमधले जिन आणले. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला आणि कथेला हक्काची जागा मिळाली. बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांनी हजाराचा आकडा ओलांडला आणि खेडोपाडी वाचणाऱ्यांची एक फौज तयार केली. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने चमत्कारिक, गूढ अशा कथांना स्वतंत्र मासिकच दिलं. अर्णाळकरांच्या पुस्तकांची शिवण उसवलेली, हळदीचे डाग पडलेली प्रत आमच्या घरीही होती. ती विकत कुणी घेतली हे कधी कळलं नाही. अशी पुस्तकं विकत घेतली जात नसत, ती घरात येत असत.

धारप (१९२५-२००८) शिक्षणाने रसायनातले. त्यांच्या कथांमध्ये मला हा रसायनवाला सतत दिसतो: अभद्र शक्तीला नियम असतात, मर्यादा असतात, योग्य द्रव्य योग्य वेळी टाकलं की ती निष्प्रभ होते. म्हणून अशा शक्तींशी लढणारा त्यांचा नायक समर्थ जिंकतो. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५च्या कादंबरीवर बेतलेली आहे आणि 'तुंबाड'ला प्रेरणा देणारी 'आजी' ही कथाही किंगच्याच एका कथेवरून आलेली. यावरून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर धारपांचं कर्तृत्व कथानकात नाहीच, ते घरात आहे. अमेरिकेतल्या गावातलं सैतानी घर उचलून त्यांनी त्यात देवघर, न्हाणीघर, तुळशीवृंदावन बसवलं आणि तरीही ते घर भेसूर राहिलं. हे सोपं काम नव्हे. कमी पडतात ते शेवटाला. दोनशे पानं माझी झोप उडवून शेवटच्या दहा पानांत सगळं धुऊन-पुसून स्वच्छ करून देतात. आणि मला स्वच्छ नको असतं.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) स्वच्छ करून देत नाहीत. त्यांनी आपल्या कथांना गूढकथा म्हटलं, आणि तो शब्द नुसता शोभेचा नव्हता. त्यांच्याकडे बाहेरून काही येत नाही; ते माणसात आधीच असतं, कथेला फक्त त्याच्यावरचं पांघरूण काढायचं असतं. 'खेकडा' वाचून मी कितीतरी दिवस घरच्या माणसांकडे चोरून बघत होतो. आणि जी. ए. कुलकर्णी? त्यांना भयकथाकार म्हटलं तर समीक्षक अंगावर येतील, येऊ देत. 'काजळमाये'त भूत नाही, पण नियती अशी दबा धरून बसलेली आहे की तिच्यापुढे मुंजा-हडळी बिचाऱ्या वाटतात. अंधाऱ्या कथांचा माझा क्रम विचारलात तर जी. ए., मतकरी, धारप असा आहे. रात्री बाराला हाताला लागेल ते घ्यायचं झालं तर मात्र धारप.

या तिघांतल्या कुणाच्याही कथेत मला माझा मुलूख भेटला नाही. म्हणून मग उलट शोध घेतला, की आमच्याकडे घाबरवायचं काय?

पहिली गोष्ट वेळेची. इतर ठिकाणी भूत रात्री निघतं. आमच्याकडे आजी घाबरवायची ती दुपारचं: "भर दुपारले चिचना झाडखाले बसू नको." खानदेशात रात्र म्हणजे सुटका. उकाडा ओसरतो, माणसं वर येतात, बोलतात. सुनसान असते ती दुपार. बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, काळ्या रानावर झळा नाचतात आणि लांबून येणारा माणूस पाण्यातून चालत येतोय असं वाटतं. ज्याने हे पाहिलंय त्याला वेगळं भूत कशाला हवं? पण भयकथेने तर रात्रच धरून ठेवलेली. एकच अपवाद, केळीची बाग. रावेर-यावलकडच्या बागांमध्ये दिवसाही अंधार, ओल, वाळक्या पानांची खसखस. रात्रीची वीज आली की मोटर चालू करून पाणी भरायला जाणाऱ्यांना विचारा. ते भुताचं नाव घेत नाहीत, बिबट्याचं घेतात.

दुसरी गोष्ट अशी, की इतरांची भुतं ती आमची दैवतं. मुंजा घ्या. मुंज झालेला, सोडमुंज न होता गेलेला मुलगा पिंपळावर बसतो हे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पण यावल तालुक्यात अट्रावलला त्याचा मुंजोबा होतो आणि माघात त्याची यात्रा भरते. लोक नवस फेडतात, बैलगाड्या सोडून आता चारचाकीने येतात. ज्याला नारळ फोडला त्याला घाबरायचं कसं?

याहून मोठं उदाहरण अश्वत्थाम्याचं. महाभारतातल्या सौप्तिक पर्वासारखी भीषण रात्र आपल्या वाङ्मयात दुसरी नसेल. वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा पाहतो की एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारतंय. तेवढं बघून तो उठतो आणि झोपलेल्या छावणीत शिरतो, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. पुढे कपाळावरचा मणी जातो आणि शाप मिळतो: तीन हजार वर्षं, रक्तपुवाची दुर्गंधी घेऊन, एकटा, भटकत राहा. मृत्यू नाकारलेला, न भरणारी जखम घेऊन फिरणारा खुनी! एखाद्या पाश्चात्त्य लेखकाला हे पात्र सापडलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांनी बसून खाल्लं असतं.

आणि हा अश्वत्थामा राहतो कुठे, तर सातपुड्यात. फारुकी सुलतानांचा अशीरगड, जो १६०१ साली अकबराने घेतला आणि आज मध्य प्रदेशात आहे, तिथल्या महादेवाला तो पहाटे फूल वाहून जातो असं सांगतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याचं शिखर तर त्याच्या नावानेच ओळखलं जातं. दिवाळीत तिथे यात्रा भरते. बहुसंख्य आदिवासी भाविक रात्रीच्या अंधारात डोंगर चढतात. जखमेवर घालायला तेल मागत तो रानात फिरतो, अशी समजूत आहे. पण ऐका, हे सांगणाऱ्याच्या आवाजात थरकाप नसतो. वाट चुकलेल्याला तो वाट दाखवतो, हेही त्याच दमात सांगितलं जातं. अस्तंबा ऋषी म्हणतात त्याला. महाभारताने ज्याला शापून हाकललं, त्याला या डोंगराने ठेवून घेतलं. दुर्गंधी गेली, दरारा राहिला. मला ही भयकथेपेक्षा मोठी गोष्ट वाटते, पण भयकथा ही नव्हेच.

लिखित साहित्यात खानदेशी अंधार नाही असं मात्र कुणी म्हणू नये. धरणगावचे बालकवी फुलराणी आणि श्रावणमासापुरतेच शाळेत शिकवले गेले; त्यांची 'खेड्यातील रात्र' बघा. उजाड माळ, पडलेला बुरूज, ओसाड देऊळ, वडाचा पार आणि त्यावर उतरलेला अंधार. कोकणचं एक पान नाही त्यात, ही आमच्या ओसाड गढ्यांची रात्र आहे. 'पारवा'मधली मोडकी धर्मशाळाही तशीच. ५ मे १९१८ला जळगावजवळ भादली स्टेशनवर रेल्वेखाली ते गेले. २७ वर्षांचे होते. त्या वाटेने कोणी पुढे गेलं असतं तर मराठी भयकथेला एक उन्हाळी, कोरडी शाखा फुटली असती. तसं झालं नाही. सांगवीच्या नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) आली, त्यात लहान बहिणीच्या मरणाची पानं आहेत. इतकं काळं मी क्वचित काही वाचलंय, पण तिथे भूत शोधणं हा त्या मुलीचा अपमान होईल.

आता जे खरं कारण मला वाटतं ते. भयकथेला थोडं अंतर लागतं. हडळ वाचताना मजा येते, कारण शेजारच्या बाईला कुणी हडळ म्हणून दगड मारत नाही हे वाचकाला ठाऊक असतं. सातपुड्यात 'डाकीण' हा शब्द तसा नाही. गावात मूल दगावलं, गुरं मेली, की बोट एखाद्या बाईकडे जातं. बहुतेक वेळा विधवा, एकटी, किंवा जिच्या जमिनीवर कुणाचा डोळा आहे अशी. मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीव घेणं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध नंदुरबारच्या पाड्यांवर वर्षानुवर्षं फिरत आले आहेत. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. एखाद्याला करणी करणारा, भूत लावणारा ठरवून छळणं हा आता सहा महिने ते सात वर्षं कैदेचा गुन्हा आहे.

अफवेला भूतही लागत नाही. १ जुलै २०१८ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मोबाइलवरून फिरलेली एक गोष्ट, इतकंच निमित्त. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'तुंबाड' लागला. मी पाहिला, मला फार आवडला, आणि चित्रपटगृहातल्या अंधारात मी मधूनमधून राईनपाड्याचाच विचार करत होतो.

गेल्या वर्षी सातपुड्यातल्या धडगावकडे शिकवणाऱ्या एका मित्राने शाळेच्या कपाटासाठी पुस्तकं मागितली. "पोरांना भुताच्या गोष्टी भारी आवडतात, पाठव भो," म्हणाला. मी आनंदाने गठ्ठा बांधायला घेतला. वेताळ ठेवला, जिन ठेवले, दोन-तीन गूढकथासंग्रह ठेवले. मग एक जुनं पुस्तक हाती आलं, वेष्टनावर केस मोकळे सोडलेली, लाल डोळ्यांची म्हातारी. लहानपणी धाब्यावर वाचलेलंच. ते मी दोनदा गठ्ठ्यात घातलं आणि दोनदा काढलं. शेवटी सुतळी बांधली तेव्हा ते बाहेरच होतं. मित्राला त्याबद्दल बोललो नाही. पुस्तक पुन्हा कपाटात लावलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्या रात्री वाचायला काढलं.