सेल्फ गेला की क्लच स्विच?

चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे झगझगीत लागले, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला तर मात्र चिडीचूप. मग ठरलेला क्रम सुरू होतो. आधी बॅटरी बदलायची, मग सेल्फ उतरवून त्यातले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) बदलायचे, आणि एवढं करून गाडी तशीच उभी. दोष असतो क्लच पेडलपाशी बसवलेल्या अंगठ्याएवढ्या स्विचमध्ये.

सेल्फ काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय त्याला करंट मिळू नये, म्हणजे गिअरमध्ये असलेली गाडी सेल्फवर उडी मारणार नाही, एवढ्यासाठी हा स्विच असतो. ऑटोमॅटिक गाडीत तेच काम गिअरबॉक्सवरचा न्यूट्रल सेफ्टी स्विच करतो. तिथे गाडी पार्कमध्ये सुरू होत नाही आणि न्यूट्रलमध्ये होते, असं असेल तर सेल्फला हातही लावू नका. तो स्विच किंवा गिअर केबलची सेटिंग बघा. आणि इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फ आणि स्विच दोघंही निर्दोष.

‘धक्का मारला की सुरू होते, म्हणजे बॅटरीच डाऊन’ हे वाक्य आता बंद व्हायला हवं. धक्का स्टार्टमध्ये सेल्फ वापरलाच जात नाही. त्यामुळे बॅटरी उतरलेली असो, सेल्फ जळलेला असो की स्विच खराब, मॅन्युअल गिअरची गाडी धक्क्यावर सुरू होऊ शकते. त्यावरून तिघांपैकी कोण दोषी, हे कळत नाही.

आवाजावरून बरंच कळतं. भराभर टक-टक-टक आणि मंदावणारे दिवे, तर बॅटरी किंवा ढिले टर्मिनल. सेल्फमधून एकच जड ‘खट’ आला, तर करंट सोलेनॉइडपर्यंत (सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचपर्यंत) पोचलाय, म्हणजे क्लच स्विच ठीक आहे.

खरी गल्लत होते ती पूर्ण शांततेत. कुणी शांतता म्हणजे सेल्फ म्हणतं, कुणी स्विच. पण सोलेनॉइडची कॉइल तुटली तरी अशीच शांतता असते, म्हणून इथे कानावर विसंबू नये. सेल्फवर दोन वायरी येतात: बॅटरीची जाड केबल आणि सोलेनॉइडची बारीक वायर. निर्णय त्या बारीक वायरीवर होतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकानं क्लच तळापर्यंत दाबून चावी स्टार्टवर धरायची, दुसऱ्यानं पट्टे-पंख्यापासून हात लांब ठेवून बारीक वायर आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावायचा. 12 व्होल्टच्या आसपास आले आणि सेल्फ तरीही ढिम्म, तर सेल्फ उतरवा. शून्य आलं तर सेल्फ उतरवणं म्हणजे शुद्ध वाया मजुरी. दोष अलीकडे आहे, म्हणजे स्विच, रिले, फ्यूज किंवा चावीच्या स्विचमध्ये. मग क्लच स्विचचं सॉकेट काढून मीटर बीपवर (जोड सलग असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि स्विचच्या दोन पिनांना लावा. बहुतेक गाड्यांत पेडल दाबल्यावर बीप यायला हवा.

बीप आला नाही तरी लगेच नवा स्विच आणू नका. आधी खाली वाका आणि बघा: दोन-दोन थरांच्या जाड मॅटमुळे पेडल तळाला टेकतच नाही, असं कितीदा तरी होतं. पेडलवरचं छोटं रबरी बटण झिजून गळून पडलं, तर स्विचची दांडी बटणाच्या रिकाम्या भोकातून आरपार जाते आणि स्विच दाबलाच जात नाही. रबर बसवलं की काम झालं.

स्विचच्या दोन वायरी जोडून ‘कायमचा इलाज’ करून देणाऱ्यांवर माझा राग आहे. तपासण्यापुरतं, न्यूट्रलमध्ये, ठीक. पण घाटात, उतारावर आपण गाडी पहिल्या गिअरमध्ये लावतो. आत बसलेल्या पोरानं चावी फिरवली तर ती गाडी पुढे झेप घेणार, आणि पुढे कोण उभं असेल सांगता येत नाही.

नवा स्विच घ्यायचाच असेल तर जुना सोबत न्या. अनेक गाड्यांत क्लचला दोन स्विच असतात, वरचा क्रूझ कंट्रोलसाठी आणि खालचा सेल्फसाठी, आणि दुकानदार हमखास वरचा देतो.