पाणी समितीला इंजिनिअर लागतो का? एक खुलासा

दांडिया बाजारापासून बाबाजीपुऱ्यापर्यंत एक समज पक्का बसलाय: वडोदऱ्यात पाण्याचा कारभार पाहणाऱ्या समितीवर इंजिनिअरच घ्यावा, असा कायदा आहे. नाही. सयाजीरावांच्या काळात, 1890 च्या दशकात आजवा जलाशयाचं पाणी शहरात आलं, त्या कर्तबगारीच्या आठवणीतून ही समजूत निघाली असावी.

मुळात शहराला वेगळं पाणी मंडळच नाही; पाणी महानगरपालिका देते. 1949 च्या गुजरात प्रांतिक महानगरपालिका कायद्याप्रमाणे पालिकेचे खर्च आणि ठेके मंजूर करणाऱ्या स्थायी समितीत 12 सदस्य असतात, नगरसेवकांनी आपल्यातूनच निवडलेले. पदवीची अट कुठेच नाही. तांत्रिक जबाबदारी पगारी सिटी इंजिनिअरची. मला ही विभागणी गैर वाटत नाही, मात्र अंदाजपत्रक वाचता न येणारा सदस्य अधिकाऱ्याच्या मुठीत जातो, हेही खरं.

दुसरी आवई जास्त घातक: “ठेका भावाचा असला तरी नगरसेवकपद जातं.” याच कायद्याचं कलम 10 पाहतं ते नगरसेवकाचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदाराचा हितसंबंध, थेट असो वा आडून. म्हणजे नुसतं भाऊ असणं पुरत नाही. पाइपलाइनच्या ठेक्यात नगरसेवकाची छुपी भागीदारी आहे, हे दाखवावं लागतं. त्यातही सवलती आहेत. ठेका घेणाऱ्या कंपनीचे केवळ शेअर्स असले, तर तेवढ्याने अपात्रता येत नाही. म्हणून तक्रार करायची तर आडनावं जुळवत बसू नका, भागीदारीचे कागद मागवा.