काटा अडतो तेव्हा : कार्डिओ आणि वेट ट्रेनिंग एकत्र कसे आले

मुंबईतल्या जिममध्ये एक तक्रार हमखास कानावर येते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाच-सहा किलो उतरले, आता आहारही तोच आणि ट्रेडमिलही तेवढीच, पण काटा हलायला तयार नाही. त्यावर प्रशिक्षक हल्ली जवळजवळ एकमुखाने सांगतात की कार्डिओच्या (चालणे, धावणे, सायकल असा दमसासाचा व्यायाम) जोडीला वेट ट्रेनिंग (वजने उचलून केलेला ताकदीचा व्यायाम) सुरू करा. हा सल्ला इतका रुळला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात हे दोन व्यायाम दीर्घकाळ वेगवेगळ्या वाटांनी गेले आणि एकत्र आल्यावरही त्यांचे सुरुवातीला फारसे पटले नाही.

वजन अडण्यामागचे कारण प्रथम तपशीलवार नोंदले गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा खाऊपिऊ कसे घालावे, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. शस्त्र हाती धरण्यास तत्त्वतः नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले आणि दर आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, चालणे सक्तीचे होते. त्यांचे वजन साधारण एक चतुर्थांशाने घटले, मात्र विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जाखर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी खाली आला. नाडी मंदावली, उबदार खोलीतही थंडी वाजू लागली, हालचाली आपोआप कमी झाल्या आणि जसजसे आठवडे गेले तसतसा वजन उतरण्याचा वेगही ओसरला. हे तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे ४० टक्क्यांचा आकडा आजच्या स्थूल माणसाला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. परंतु अन्न कमी पडले की शरीर खर्चाला कात्री लावते, ही गोष्ट त्या प्रयोगाने निर्विवाद दाखवून दिली.

दुर्दैवाने लोकांच्या मनात घर केले ते दुसऱ्याच हिशेबाने. मॅक्स विश्नोफ्स्की या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मांडले की एक पौंड वजन म्हणजे ३,५०० किलोकॅलरी. त्यावरून रोज ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या की आठवड्याला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोच्या आसपास, उतरणारच असे सरळ गणित पाठ झाले आणि ते आजही आहाराच्या तक्त्यांत आढळते. या गणितात वजन कधी अडतच नाही. केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बदलत्या शरीराचा विचार करून नवे गणित मांडले, तेव्हा कायमच्या कपातीचा निम्मा परिणाम दिसायला सुमारे एक वर्ष आणि जवळजवळ सगळा दिसायला तीन वर्षे लागतात, असे त्यातून निघाले. घटलेले शरीर चालवायला कमी इंधन पुरते, भूक वाढते आणि उठबस नकळत मंदावते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. नुसत्या आहारनियंत्रणात हा वाटा ढोबळमानाने पाव हिश्शाच्या घरात असतो.

कार्डिओचे माहात्म्य वाढले ते हृदयविकाराच्या काळजीतून. वजनाचा विचार त्यात नंतर आला. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. बेस्टच्या दुमजली गाडीत वरखाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुढे १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांच्या पुस्तकामुळे ‘एरोबिक्स’ हा शब्द घरोघरी पोहोचला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९७८ मध्ये प्रौढांसाठी व्यायामाची शिफारस जाहीर केली, तीही हृदय-फुप्फुसांच्या क्षमतेभोवतीच फिरणारी होती.

वजने उचलणे तोवर पहिलवानांचे आणि शरीरसौष्ठवपटूंचे काम समजले जाई. थॉमस डिलॉर्म या लष्करी डॉक्टरांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वाढत्या भाराचा व्यायाम देऊन त्याला वैद्यकीय पाया दिला होता, तरी सामान्य माणसाच्या आरोग्याशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही. आपल्याकडच्या तालमीत ही फाळणी मुळात नव्हती, हे येथे आवर्जून सांगायला हवे. शेकड्यांनी काढलेल्या जोर-बैठका दमसासाची परीक्षा घेतात आणि मांड्या-खांदेही घडवतात. मुद्गल फिरवताना पकडीची ताकद लागते आणि थोड्याच वेळात धापही लागते. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत घडलेल्या पिढ्यांना कार्डिओ वेगळा आणि वेट्स वेगळे, असे कोणी शिकवले नव्हते. ती फाळणी आली यंत्रांबरोबर : काचेलगत ट्रेडमिलची रांग, मागच्या बाजूला डंबेल्सचा रॅक, आणि ‘बारीक व्हायचे असेल तर इकडे, बॉडी बनवायची असेल तर तिकडे’ अशी वाटणी. तिचा सर्वाधिक फटका स्त्रियांना बसला, कारण वजने उचलली की अंग पुरुषी होते या धाकाने त्यांना वर्षानुवर्षे मागच्या रॅककडे फिरकू दिले गेले नाही.

दोन्ही व्यायाम एकत्र केले तर काय होते, हा प्रश्न प्रयोगशाळेत नीट विचारला तो रॉबर्ट हिक्सन यांनी. त्यांच्या १९८० च्या प्रयोगात एका गटाने दहा आठवडे फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमसासाचा आणि तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला. ताकद मात्र सात-आठ आठवडे वाढून थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क घसरली. ‘कार्डिओ स्नायू खातो’ या जिममधल्या समजुतीला येथून शास्त्राचा आधार मिळाला. पण त्या गटाने आठवड्यातून पाच दिवस वजने आणि सहा दिवस कसून सायकल व धावणे असा मारा सोसला होता, हे सांगायला लोक विसरतात. जेकब विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २१ अभ्यास एकत्र पडताळले, तेव्हा हा अडथळा कार्डिओच्या प्रकारावर, वारंवारतेवर आणि लांबीवर अवलंबून असल्याचे दिसले. सायकलपेक्षा धावण्याने तो जास्त जाणवतो. रोज अर्धा तास भरभर चालणाऱ्या माणसाला त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

अमेरिकन कॉलेजने १९९० मध्ये आपल्या शिफारशीत ताकदीच्या व्यायामाची भर घातली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम कार्डिओसोबत किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. तरीही ‘दोन्ही केले की काटा झपाट्याने उतरतो’ हा दावा पुराव्यावर टिकत नाही. ड्यूक विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासात कार्डिओ आणि एकत्रित व्यायाम या दोन्ही गटांत चरबी जवळपास सारखीच घटली; एकत्रित गटाला वेळ दुप्पट द्यावा लागला, मात्र त्यांचे स्नायू वाढले. डेनिस विलारिअल यांनी २०१७ मध्ये ६५ वर्षांपुढील १६० स्थूल व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आहारनियंत्रणासह व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सुमारे ९ टक्क्यांनी उतरले. फरक आत होता : चरबीविरहित वजन फक्त कार्डिओ करणाऱ्यांत ५ टक्के गेले, एकत्रित गटात ३ टक्के, आणि शारीरिक क्षमतेत सर्वाधिक सुधारणा एकत्रित गटातच झाली.

भारतीयांच्या बाबतीत हा आतला फरक अधिक मोलाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील (परळच्या नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधील जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता; युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. अशा शरीराने वजन उतरवताना आणखी स्नायू गमावले, तर काटा खाली येऊनही मधुमेहाच्या दृष्टीने हाती पडते ते थोडेच, कारण जेवणानंतरची साखर मोठ्या प्रमाणावर सामावून घेतात ते स्नायूच.

२००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून शिवाजी पार्क, वरळी सीफेस आणि मरीन ड्राइव्हवर पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढली, आणि कार्डिओला या शहरात हक्काची जागा मिळाली. विरारहून किंवा कल्याणहून लोकलने ये-जा करणाऱ्या माणसाचे चालणे आणि जिने चढणेही बरेचसे परस्पर होऊन जाते. त्यामुळे काटा अडलेल्या अशा माणसाने उरलेला वेळ आणखी ट्रेडमिलला देण्याऐवजी आठवड्यातले दोन दिवस स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), रोइंग (वजन स्वतःकडे ओढणे) आणि प्रेस (वजन ढकलणे) अशा मोठ्या स्नायूंच्या व्यायामांना द्यावेत, वजने हळूहळू वाढवावीत, ताटात डाळ, दही, अंडी किंवा मासळी पुरेशी ठेवावी आणि काट्याबरोबर दर पंधरवड्याला कमरेवर टेपही लावावा. रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. स्नायू टिकवून चरबी उतरत असेल, तर काटा जागच्या जागी असतानाही टेपवर ते दिसू शकते.